‘बाकी सगळ्यांचं नीट चालतं, मग माझ्याच लॉगिनला का होतं?’ ऑफिसच्या नेटवर्कवरील युजर सेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या एका सहकारी पतसंस्थेचे संगणक मी सांभाळतो. मुख्य कार्यालय कुडाळला. शाखा मालवण, वेंगुर्ला, देवगड, कणकवली अशा पसरलेल्या. सर्व्हर कुडाळला आणि बाकी सगळे विंडोजचे पीसी त्याच्या डोमेनला, म्हणजे एका सर्व्हरवरून चालणाऱ्या खात्यांच्या आणि पीसींच्या जाळ्याला, जोडलेले. हार्ड डिस्क गेली, राउटर बंद पडला, असले फोन येतात आणि मिटतात. न मिटणारे फोन एकाच जातीचे असतात. एका माणसाची एक सेटिंग. बदलली की तेवढ्यापुरती बदलते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूळ पदावर. खालचे प्रश्न त्या फोनांतून जमले आहेत. काही उत्तरं काउंटरवर बसणाऱ्यांसाठी आहेत, काही माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या गळ्यात ‘तुला कॉम्प्युटरचं कळतं ना’ म्हणून ही घंटा बांधली जाते.

एकाच पीसीवर आम्ही तिघं बसतो. बिघाड एकट्या माझ्या लॉगिनला कसा काय?

पीसी एक असला तरी विंडोज त्यात प्रत्येकाचं वेगळं बिऱ्हाड मांडून देतं. सी ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या नावाचं एक फोल्डर असतं. त्याला प्रोफाइल म्हणतात. डेस्कटॉपवरच्या फायली त्यात दिसतात, पण खरी मेख एका लपवलेल्या फाइलमध्ये आहे: ‘एनटीयूजर डॉट डॅट’. तारीख कशी दिसावी, कीबोर्ड कोणकोणते हवेत, नेहमीचा प्रिंटर कुठला, एक्सेलमधल्या तुमच्या आवडीनिवडी, हे सगळं बहुतांशी तिथे लिहिलेलं असतं. तुम्ही लॉगिन केलंत की विंडोज ती फाइल उघडून रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंग लिहिलेल्या आपल्या वहीत, ‘करंट युजर’ या नावाखाली जोडतं. शेजारच्याने लॉगिन केलं की त्याची फाइल जोडली जाते. म्हणून तुमची तारीख उलटी आणि त्याची सुलटी, दोन्ही एकाच खोक्यात सुखाने नांदतात.

प्रोफाइलमध्येच ‘अ‍ॅपडेटा’ नावाचं आणखी एक लपवलेलं फोल्डर असतं आणि त्यात ‘रोमिंग’ आणि ‘लोकल’ असे भाग असतात. ज्या ऑफिसात रोमिंग प्रोफाइल, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेलं प्रोफाइल, चालू आहे तिथे रोमिंगमधला माल तुमच्याबरोबर पीसी बदलून फिरतो. लोकलमधला जिथल्या तिथे राहतो. पुढे फॉन्टच्या प्रश्नात हाच फरक नडतो.

बिघाड माझा, पीसीचा की सर्व्हरचा, हे ओळखायचं कसं?

दोन गोष्टी करून बघा, आणि त्या केल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका. पहिली: त्याच पीसीवर दुसऱ्या कुणाला लॉगिन करायला सांगा. दुसरी: तुम्ही दुसऱ्या पीसीवर लॉगिन करा.

दुसऱ्या माणसालाही तोच त्रास झाला, तर बिघाड पीसीचा. तुमच्या नावाने उगाच बिल फाटतंय. दुसऱ्याला त्रास नाही आणि तुम्हालाही दुसऱ्या पीसीवर नाही, तर पहिल्या पीसीवरची तुमच्या प्रोफाइलची प्रत बिघडली आहे. पण त्रास तुमच्या मागोमाग दुसऱ्या पीसीवरही आला, तर तो सर्व्हरवरून येतोय: एक तर तुमच्या रोमिंग प्रोफाइलमधून, नाहीतर तुमच्या खात्याला लावलेल्या ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून लागणाऱ्या सेटिंगच्या नियमांतून.

दुसऱ्या पीसीवर जाण्याआधी पहिल्यावरून साइन आउट करा. लॉक नव्हे, साइन आउट. का, ते पुढच्या उत्तरात.

एक्सेलमधली तारीख मी रोज नीट करते आणि रोज सकाळी ती पुन्हा उलटी होते. हे काय भूत आहे?

हा प्रश्न देवगड शाखेतल्या एका ताईंचा. जुलैतली गोष्ट, बाहेर पाऊस असा की फोनवर त्यांच्या आवाजापेक्षा पत्र्याचाच आवाज जास्त. “काल सगळा बरोबर केलंय दादा, आज बघतंय तर पुन्हा तसाच!”

मी रिमोटने त्यांची शीट उघडली. तारखांचा रकाना बघताच दुखणं दिसलं: काही तारखा रकान्याच्या उजव्या कडेला चिकटलेल्या, काही डाव्या. एक्सेल जिला तारीख मानतं ती उजवीकडे जाते, जिला नुसता मजकूर मानतं ती डावीकडे. त्यांच्या लॉगिनची तारखेची पद्धत अमेरिकन झाली होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. २५/०७ लिहिलं की एक्सेलला पंचविसावा महिना सापडेना, म्हणून तो मजकूर ठरून डावीकडे. ते निदान डोळ्यांना दिसतं. घात करतात त्या महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा. त्यांनी ५ जुलै म्हणून ०५/०७ लिहिलं, एक्सेलने ते ७ मे समजून निमूटपणे उजवीकडे ठेवलं. दोन्हींत ५९ दिवसांचं अंतर. मुदतठेवीच्या व्याजात ५९ दिवस म्हणजे काय, ते पतसंस्थेत काम केलेल्याला सांगायला नको.

सेटिंग बदलणं एका मिनिटाचं काम: कंट्रोल पॅनेलमधलं ‘रीजन’ उघडायचं, फॉरमॅट ‘इंग्लिश (इंडिया)’ करायचं. ताई ते रोज करत होत्या. मग रोज पूर्वपदावर कोण आणत होतं?

मी आधी सर्व्हरवर संशय घेतला, पॉलिसी तपासली. तिथे तारखेबद्दल अक्षर नव्हतं. मग सहज विचारलं, “ताई, दिवसभर एकाच पीसीवर बसता का?” सकाळी काउंटरवर, म्हणाल्या, आणि दुपारनंतर कर्ज विभागाच्या टेबलावर. काउंटरवरचा पीसी? “लॉक करून ठेवतंय. परत लागता ना.” एक्सेलचं काम दुपारच्या टेबलावर, म्हणून तारीख त्या तिथेच दुरुस्त करायच्या. साडेपाचला तिथून साइन आउट करून घरी. आणि सहाच्या सुमारास शिपाईकाका काउंटरचे सगळे पीसी शटडाउन करायचे.

भूत ते हेच. रोमिंग प्रोफाइल लॉगिन करताना सर्व्हरवरून उतरतं आणि साइन आउट करताना परत वर चढतं. साडेपाचला कर्ज विभागाच्या पीसीने दुरुस्त केलेली सेटिंग वर चढवली. सहाला काउंटरचा पीसी बंद होताना ताईंचं तिथलं उघडं सत्र मिटलं आणि त्यानेही आपली प्रत वर चढवली, सकाळची, जुन्या तारखेची. एनटीयूजर ही एकच सबंध फाइल असल्यामुळे तिच्यातली एखादी ओळ इकडची, एखादी तिकडची असं एकत्रीकरण होत नाही. जो शेवटी मिटतो त्याचंच राहतं. ताईंची साडेपाचची दुरुस्ती रोज सहा वाजता पुसली जायची आणि पुसणाऱ्या काकांना त्याचा पत्ताही नव्हता.

उपाय फुकट होता: टेबल बदलताना साइन आउट. त्या दिवशी त्यांनी दोन्ही पीसींवरून साइन आउट केलं, एकाच पीसीवर लॉगिन करून तारीख बदलली, पुन्हा साइन आउट. नंतर तक्रार नाही. शीटमधल्या आधीच्या तारखा मात्र पावत्या समोर ठेवून हाताने तपासाव्या लागल्या, कारण एक्सेल तारीख आकड्याच्या रूपात साठवतं. एकदा ७ मे म्हणून गेलेली नोंद सेटिंग सुधारली तरी ७ मेच राहते, फक्त दिसते भारतीय पद्धतीने. त्या कामाला माझे आणि ताईंचे दोन दिवस गेले.

रक्कम १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ अशी दिसते. हाही तोच प्रकार?

हो, त्याच ‘रीजन’ खिडकीतला. फॉरमॅट भारताचा केला की लाखाचे स्वल्पविराम आपोआप येतात. तरी नाही आले तर ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’मध्ये आकड्यांच्या गटाचा पर्याय असतो, तो बघा.

नवीन भरती झालेल्या प्रत्येकालाच असं होत असेल, तर विंडोज बसवताना भाषा अमेरिकन इंग्रजी राहिली आणि नव्या प्रोफाइलचा साचाच तसा आहे. ‘रीजन’च्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ टॅबमध्ये ‘कॉपी सेटिंग्ज’ आहे. आपल्या नीट केलेल्या सेटिंग तिथून नव्या खात्यांसाठी उतरवता येतात. आधीच्या माणसांना त्याचा उपयोग नाही.

आयटीवाल्यांनी अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून सेटिंग बदलली, त्यांना बदललेली दिसली, मला नाही. चेष्टा करतात का?

चेष्टा नाही, अज्ञान. मी स्वतः हे केलंय, आणि एकदा नाही.

युजरचं लॉगिन चालू असताना मी रजिस्ट्री एडिटर उघडला. विंडोजने अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला, मी माझा टाकला. ‘करंट युजर’मध्ये जाऊन जे बदलायचं ते बदललं, खिडकी बंद केली, “झालं!” म्हटलं. काहीच झालं नव्हतं. पासवर्ड माझा, म्हणून ती खिडकी माझ्या नावाने चालत होती. तिच्या दृष्टीने करंट युजर मीच. ज्या मशीनवर मी कधी बसत नाही, तिथे मी माझीच तारीख सुधारून आलो होतो.

दुसऱ्याच्या नावाने चाललेल्या खिडकीतून युजरची सेटिंग बदलायची असेल तर रजिस्ट्रीत ‘युजर्स’ या शाखेखाली त्या माणसाचा एसआयडी शोधावा लागतो. एसआयडी म्हणजे एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक. युजरच्याच लॉगिनमधून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हूअ‍ॅमआय’ला ‘युजर’ जोडून विचारलं की तो छापून येतो. त्याहून सोपं: बहुतेक वैयक्तिक सेटिंगना अ‍ॅडमिन लागतच नाही. युजरलाच माऊस द्या आणि शेजारी उभे राहा.

नेटवर्क ड्राइव्हचीही हीच गंमत. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेल्या प्रोग्रॅमला तुमचा झेड ड्राइव्ह दिसत नाही, म्हणून तो गेला असं समजू नका.

पर्याय करड्या रंगाचा झालाय, क्लिकच होत नाही. किंवा होतो, पण तासा-दोन तासांनी आपोआप बदलतो.

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही ग्रुप पॉलिसीची.

पर्याय करडा असेल तर सर्व्हरवरून सक्त पॉलिसी लागली आहे. ती रजिस्ट्रीत ‘पॉलिसीज’ नावाच्या कुलूपबंद कोपऱ्यात लिहिली जाते, तिथे साध्या युजरला लिहायची मुभा नसते. भांडून उपयोग नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला भेटा.

पर्याय बदलता येतो पण परत फिरतो, तेव्हा बहुधा ग्रुप पॉलिसीचा दुसरा प्रकार, ‘प्रेफरन्स’, काम करत असतो. प्रेफरन्स नेहमीच्या जागीच लिहितं, म्हणून तुम्हाला बदलता येतं. पण पॉलिसी लॉगिनला लागते आणि नंतरही मागच्या मागे ९० मिनिटांनी, वर ३० मिनिटांपर्यंतची मागेपुढे धरून, पुन्हा पुन्हा लागत राहते. त्या प्रत्येक फेरीत तुमचा बदल पुसला जातो. “जेवून आल्यावर बदललेलं असतं” अशी तक्रार आली की मी हेच आधी बघतो. सर्व्हरवरच्या त्या नोंदीत ‘एकदाच लावा, पुन्हा लावू नका’ अशा अर्थाचा खटका असतो. तो चालू केला की युजरचा शब्द टिकतो. तारीख, स्वल्पविराम, प्रिंटर, सगळं प्रेफरन्समधून लावता येतं, आणि आधीच्या आयटीवाल्याने कधीतरी लावून ठेवलेलं आपल्याला माहीत नसतं.

कुठली पॉलिसी लागली हे शोधायला ‘जीपीरिझल्ट’ ही कमांड आहे. ती युजरच्या लॉगिनमधून, साध्या खिडकीत चालवा. अ‍ॅडमिनच्या खिडकीत चालवलीत तर अ‍ॅडमिनला लागलेल्या पॉलिसी दाखवेल किंवा या युजरची माहितीच नाही म्हणेल. वरच्या प्रश्नातलीच चूक नव्या कपड्यात. एचटीएमएल अहवाल काढलात तर कुठली सेटिंग कुठल्या पॉलिसीने जिंकली तेही नावानिशी कळतं. क्रम असा: आधी पीसीची स्थानिक, मग साइटची, मग डोमेनची, शेवटी ज्या ओयूमध्ये, म्हणजे डोमेनमधल्या ज्या गटात, तुमचं खातं आहे त्याची. शेवटचा जिंकतो, अपवाद एकच, वरच्याने ‘एन्फोर्स्ड’ केलेलं असेल तर. बदली झालेल्या माणसाचं खातं जुन्या शाखेच्या ओयूमध्ये पडून राहतं, आणि वेंगुर्ल्यातल्या माणसाला मालवणचा प्रिंटर नेमाने मिळत राहतो.

आणखी एक आडवळण: खात्याला काही नसलं तरी पीसीच्या ओयूवर ‘लूपबॅक’ चालू असेल, तर त्या पीसीवर बसणाऱ्या प्रत्येकाला त्या पीसीसाठीच्या युजर सेटिंग लागतात. तेव्हा सुरुवातीला सांगितलेली दोन गोष्टींची परीक्षा फसवी निघते.

लाइट गेली, पीसी बंद पडला. चालू केल्यावर डेस्कटॉप कोरा! फायली गेल्या का?

बहुधा नाही. आधी हात आवरा आणि डेस्कटॉपवर नवीन काहीही सेव्ह करू नका.

प्रोफाइल लिहिलं जात असतानाच वीज गेली तर एनटीयूजर फाइल अर्धवट राहू शकते. पुढच्या लॉगिनला विंडोजला ती उघडता आली नाही की ते तात्पुरतं प्रोफाइल देतं. कोपऱ्यात तशी सूचना येते, पण ती वाचायच्या आधीच लोक बंद करतात. या तात्पुरत्या बिऱ्हाडात जे काही ठेवाल ते साइन आउट करताच जातं. एका शाखेत एका काकांनी अख्खा दिवस तसाच काम केला होता. संध्याकाळी सगळं पाण्यात. तुमच्या खऱ्या फायली मात्र ‘युजर्स’मधल्या तुमच्या जुन्या फोल्डरमध्ये शाबूत असतात.

पहिला उपाय पीसी एकदा पूर्ण रीस्टार्ट करणं. पुष्कळदा फाइल बिघडलेली नसते, अँटिव्हायरसने किंवा आणखी कुणी धरून ठेवलेली असते, ती सुटते. तरीही कोराच आला तर आयटीला बोलवा. आयटीवाल्यांसाठी: इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १५११ क्रमांक शोधा. मग रजिस्ट्रीतली ‘प्रोफाइललिस्ट’ बघा. एकच एसआयडी दोनदा, त्यातला एक शेवटी ‘डॉट बॅक’ लावलेला, असं दिसलं तर खरा पत्ता बॅकवाला आहे. रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा, नुसत्या एसआयडीची नोंद बाजूला करा, दुसऱ्याच्या नावातलं ‘डॉट बॅक’ काढा, रीस्टार्ट. युजर लॉगिनमध्ये असताना हे करू नका.

कोकणात जून ते सप्टेंबर लाइटचा भरवसा नाही. यूपीएस आहे म्हणणाऱ्या शाखांत बॅटरी किती वर्षांची आहे ते विचारा. आमच्या एका यूपीएसचा उपयोग पावसाळाभर फक्त त्यावर छत्र्या वाळत घालायला होत होता.

मी केलेलं मराठी पत्र माझ्या लॉगिनला छान दिसतं, साहेबांच्या लॉगिनला त्याच पीसीवर गिचमिड दिसते.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेलं पत्र असणार. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे ठरलेले क्रमांक देणारी पद्धत.) त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं मुळात रोमन असतात, वरचा मुखवटा देवनागरी. फॉन्ट नसेल तर मुखवटा उतरतो. पण त्याच पीसीवर एकाकडे फॉन्ट असतो आणि दुसऱ्याकडे नाही, हे कसं?

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून अ‍ॅडमिन नसलेल्या युजरलाही फॉन्ट बसवता येतो. तो सगळ्यांच्या फॉन्ट फोल्डरमध्ये न जाता त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपडेटाच्या ‘लोकल’ भागात जातो. लोकल असल्यामुळे रोमिंग प्रोफाइलबरोबरही फिरत नाही. म्हणजे साहेबांना नाहीच, पण तुम्हालाही दुसऱ्या टेबलावर तो दिसणार नाही. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल. त्या एका पीसीपुरतं सगळ्यांचं काम झालं.

माझं मत विचाराल तर नवीन पत्रं युनिकोडमध्येच करा. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, अवघड वाटत असेल त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करायचा, कीबोर्डही आहे, बाहेरून काही बसवायला लागत नाही. मात्र कीबोर्डची यादीही प्रत्येक लॉगिनची वेगळी असते. ‘शेजारी मराठी येतं, मला येत नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच: तुमच्या यादीत मराठी जोडलेलीच नाही. जोडल्यावर विंडोज बटण आणि स्पेसबारने भाषा बदलते.

नेहमीचा प्रिंटर सारखा बदलतो.

सेटिंग्जमध्ये प्रिंटरच्या पानावर ‘विंडोजला माझा डिफॉल्ट प्रिंटर ठरवू दे’ असा खटका आहे. तो चालू असला की शेवटी ज्यावर छापलं तोच नेहमीचा होतो. एकदा पासबुक प्रिंटरवर काही छापलंत की पुढचं पत्र पासबुक प्रिंटरवर. खटका बंद करा, मग प्रिंटर निवडा. प्रत्येक लॉगिनला वेगवेगळं करावं लागतं.

माझ्या टेबलावरच्या पीसीवर कधी नेटवर्क ड्राइव्ह येतो, कधी नाही. खात्यात काही गडबड आहे का?

आधी घड्याळ बघा. खरंच. डोमेनवर तुमची ओळख पटवणारी यंत्रणा, कर्बेरॉस, पीसी आणि सर्व्हर यांच्या वेळेत साधारण पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते. त्याहून जास्त पडला की ओळख नाकारली जाऊ शकते. मग ड्राइव्ह येत नाहीत, पॉलिसी लागत नाही. आणि त्या टेबलावर नेहमी तुम्हीच बसत असल्यामुळे दोष तुमच्या खात्याच्या माथी.

आपल्याकडे याला एक स्थानिक कारण आहे. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात संध्याकाळी वीज कडाडायला लागली की शाखा बंद करताना मेन स्विचच खाली पाडतात. ते शहाणपणाचंच आहे. पण रात्रभर मदरबोर्डवरचं घड्याळ मग एका गोल नाण्यासारख्या बॅटरीवर चालतं, सीआर२०३२. ती थकली की सकाळी पीसी भलत्याच तारखेत उठतो. बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते. नेटवर्क आल्यावर वेळ आपसूक जुळते, म्हणून मी पोचेपर्यंत सगळं ठीक आणि तक्रार करणारा खोटा पडतो. अशा पीसीची तारीख सकाळी लॉगिन करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून पाठवा, मी विश्वास ठेवतो.

वेळ बरोबर असेल तर लाइन बघा. शाखेचा संपर्क तुटलेला असताना लॉगिन होतं ते पीसीत साठवलेल्या जुन्या ओळखीवर. महामार्गाच्या कामात केबल तुटली होती तेव्हा एका शाखेत चार दिवस सगळे असेच जुन्या प्रोफाइलवर काम करत होते आणि लाइन परत आल्यावर चार दिवसांच्या तक्रारी एकदम आल्या.

नवीन पीसी दिला, माझ्या सगळ्या सेटिंग गेल्या. जुन्यावर अजून आहेत.

जुना विंडोज ७ चा असेल. त्याचं रोमिंग प्रोफाइल सर्व्हरवर तुमच्या नावापुढे ‘व्ही२’ लावून ठेवलेलं असतं, विंडोज १० च्याच नंतर आलेल्या आवृत्त्या आणि विंडोज ११ ‘व्ही६’ वापरतात. दोघं एकमेकांच्या फोल्डरला हात लावत नाहीत. फायली आणता येतात, सेटिंग हाताने लावा. आणि विंडोज ७ ची सुरक्षा जानेवारी २०२० मध्येच संपली आहे, तो पीसी नेटवर्कवर ठेवू नका.

प्रोफाइल उडवून नवीन करू का? सगळे हेच सांगतात.

सांगतात कारण त्याने बऱ्याचदा ‘बरं’ होतं. पण नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि कारण सर्व्हरवर असेल तर आठवड्याभरात नवं प्रोफाइलही तसंच. देवगडच्या ताईंचं प्रोफाइल मी उडवलं असतं तर नव्या प्रोफाइलमध्येही संध्याकाळी सहाचा खेळ चालूच राहिला असता.

करायचंच असेल तर ‘युजर्स’मधलं फोल्डर नुसतं डिलीट करू नका. रजिस्ट्रीत नोंद तशीच राहते आणि पुढच्या लॉगिनला तात्पुरतं प्रोफाइल मिळतं. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘युजर प्रोफाइल्स’ आहे, तिथून काढा. फोल्डर आणि नोंद दोन्ही जातात. रोमिंग असेल तर सर्व्हरवरच्या फोल्डरचं नावही बदलून ठेवावं लागतं, नाहीतर तीच बिघडलेली फाइल पुन्हा खाली उतरते. आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, ब्राउझरचे बुकमार्क यांची प्रत घ्या. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र टोकनमध्ये नसून पीसीत बसवलेलं असेल तर तेही प्रोफाइलबरोबर जातं. ते खाजगी कीसकट, म्हणजे सही करणाऱ्या गुप्त किल्लीसकट, काढून ठेवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

सगळं करून पाहिलं. सेटिंग बदलणारा सापडतच नाही.

मग पाळत ठेवा. सिसइंटर्नल्सचं ‘प्रोसेस मॉनिटर’ हे साधन फुकट आहे. मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मिळतं. पीसीवरचा प्रत्येक प्रोग्रॅम रजिस्ट्रीत काय वाचतो-लिहितो ते ते टिपतं. नुसतं चालू केलंत तर मिनिटात लाखो ओळी जमतात, म्हणून गाळणी लावा: क्रिया ‘रेगसेटव्हॅल्यू’, आणि पत्त्यात तुमच्या सेटिंगचा शब्द, तारखेसाठी ‘इंटरनॅशनल’. मग जे घडल्यावर सेटिंग बदलते ते घडू द्या. लिहिणारा ‘एसव्हीसीहोस्ट’ निघाला आणि वेळ पॉलिसीच्या फेरीशी जुळली, तर ग्रुप पॉलिसी. दुसऱ्याच प्रोग्रॅमचं नाव आलं तर गुन्हेगार तो. कणकवलीला असंच नाव आलं होतं: एक जुनं बिलिंग सॉफ्टवेअर स्वतःच्या सोयीसाठी सुरू होताना तारखेची पद्धत बदलायचं आणि बंद होताना परत ठेवायला विसरायचं. ते ज्यांच्याकडे होतं त्यांनाच त्रास, म्हणून सहा महिने आम्ही माणसांतच दोष शोधत बसलो.

आणि एकही ओळ आली नाही, तरी सकाळी सेटिंग बदललेलीच, तर त्या पीसीवर कुणी लिहिलेलंच नाही. ती लॉगिनबरोबर सर्व्हरवरून आली आहे. दुसरा उघडा पीसी शोधा.

फोन करताना काय सांगू?

‘चालत नाही’ एवढं सोडून काहीही. कुठल्या टेबलावर, किती वाजता, आदल्या दिवशी कुठल्या पीसीवरून साइन आउट केलं आणि कुठल्यावरून नाही. पडद्यावर संदेश आला असेल तर त्याचा फोटो, बंद करण्याआधी.

गणपतीच्या सुटीनंतर आल्यावर पासवर्ड बदलला. आता खातं दर अर्ध्या तासाने लॉक होतंय.

कुठेतरी जुना पासवर्ड अजून दार ठोठावतोय. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठवलेल्या जुन्या नोंदी काढा, तोही प्रत्येक लॉगिनचा वेगळा असतो. मोबाइलवर ऑफिसचा मेल असेल तर तिथला पासवर्ड बदला. आणि सुटीला जाताना कुठला पीसी लॉक करून गेला होतात तो आठवा. काउंटरवरचा असेल, तर शिपाईकाकांना विचारा.